शिर्डी-नेवाशाची यात्रा

नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, तेव्हांपासून आमच्या घरीं यात्रेचे बेत वारंवार होऊं लागले. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब निघालों. रस्ता इतका सुरेख कीं, थांबावें असें कोणासच वाटेना. काकू मागच्या बाकावर पिशव्यांच्या गर्दींत पाय दुमडून बसल्या होत्या आणि पहांटेपासून त्यांनीं पाण्याचा घोट घेतला नव्हता. व्रत म्हणून नव्हे. "वाटेंत उतरावयाची पंचाईत नको," म्हणून! आपल्या बायकांचा हा जुनाच हिशेब, आणि आम्हां पुरुषांच्या तो ध्यानांतही येत नाहीं.

दर्शन सुखरूप झालें. तिसऱ्या दिवशीं नेवाशास गेलों. प्रवरेच्या कांठचें हें गांव. शके १२१२ मध्यें ज्या खांबाशीं बसून ज्ञानदेवांनीं ज्ञानेश्वरी सांगितली असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब येथल्या मंदिरांत आहे. काकूंस मात्र आवारांतच बसावें लागलें. डावी पोटरी सुजून लाल झाली होती, हातास ऊन लागत होती. उजवी जशीच्या तशी. प्रवासाचा शीण, असें सर्वांनीं ठरविलें, आणि थोरल्या सूनबाई पाय चेपावयास बसल्या. तोंच वैद्यकी शिकणारा आमचा पुतण्या धांवत आला. "वहिनी, चेपूं नका! सूज एकाच पायास आहे."

तडक नगर गांठलें. तेथें रुग्णालयांत तपासणी झाली. पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुफ्फुसांत जाती, तर प्राणावर बेततें. आमच्या घरीं पाय चेपणें ही सेवा; तिनें त्या दिवशीं काय केलें असतें, याचा विचार करवत नाहीं.

पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचें काम चालतांना पोटरीचे स्नायु करितात. तासन्‌तास बसल्यानें तें थंडावतें व रक्त साचतें. १९४० सालीं लंडनमध्यें बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनें रात्रभर आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून राहणाऱ्या लोकांत असे मृत्यु वाढल्याचें तेथील वैद्यांनीं नोंदविलें होतें. चार तास वा अधिक बसून प्रवास केल्यास धोका सुमारें दुप्पट होतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ मध्यें सांगितलें. निरोगी माणसास तरीही तो सुमारें सहा हजारांत एक, म्हणजे थोडाच. परंतु वय, स्थूलता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनीं तो वाढतो.

एक गोष्ट संकोच सोडून लिहितों. देवदर्शनांत "अडचण" येऊं नये म्हणून गोळ्या घेण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. डॉक्टरांनीं धाकट्या सूनबाईंस त्याविषयीं मुद्दाम विचारलें, आणि अशा गोळ्यांनीं गुठळीचा धोका वाढूं शकतो, तेव्हां डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नका, असें बजावलें. वडील बायकांनींच हा आग्रह सोडावा, असें आम्हांस वाटतें.

काकूंस रक्त गोठूं न देणारें औषध सुरू झालें. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच परत निघालों. पिशव्या टपावर, पाय मोकळे, दर दीड तासानें थांबा, आणि बसल्या जागीं टांचा वर-खालीं करणें. दाबाचे मोजे काकूंस मापानें मिळाले. ते किंवा अॅस्पिरिन इतरांनीं मनानें घेऊं नये, असेंही सांगण्यांत आलें.

पहिल्याच थांब्यावर काकूंनीं पाण्याचा तांब्या मागितला, आणि सूनबाईंचा हात धरून पंपाच्या आवारांत दोन फेऱ्या घातल्या.