जाकिटावरच्या कुयऱ्या

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी घरांत वाढलेल्या आम्हा मुलांपाशी एक तरी घरी शिवलेलं जाकीट असायचंच. आईच्या ब्लाउजपीसातून उरलेली मखमल, नाहीतर बाबांच्या पँटीचं वाचलेलं कॉर्डरॉय. दोन्ही बाजूंना मशीनवर भरलेल्या कुयऱ्या, मधून वेल आणि पाठीवर एखादा मोर. दिवाळीत ते घालून बाहेर पडलं की शेजारच्या काकू हटकून विचारायच्या, "आईनं भरलंय ना रे?"

घरातलं उषा, मेरिट किंवा सिंगरचं पायमशीन घेतलेलं असे ते काटकसरीसाठी. परकर, अभ्रे, गणवेश, जुन्या चादरींच्या पिशव्या, सगळं त्याच्यावर. यंत्रांच्या वेडाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, ते बायकांचे हातशिलाईचे कष्ट वाचवतं म्हणून. आमच्या आयांनी त्या वाचलेल्या वेळात भरतकाम केलं. शिवणक्लासात मशीन एम्ब्रॉयडरी शिकलेली बाई दुपारची जेवणं आटोपली की मशीनचं झाकण काढायची, आणि त्या तासाभरात तिला कोणी हाक मारत नसे.

नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर उतरायची. रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि नीळ कालवलेल्या रॉकेलचा बोळा त्यावरून फिरवायचा. रॉकेल उडून जाई, निळे ठिपके राहत. दुसऱ्या बाजूसाठी तोच कागद उलटा करायचा, म्हणजे दोन्ही कुयऱ्या समोरासमोर येत. हे सगळं जाकीट जोडण्याआधी, सुट्या तुकड्यांवर. नंतर आतून अस्तर लागलं की मागच्या गाठी झाकल्या जात.

मग मशीनचा प्रेशर फूट निघे. कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांवर पत्र्याची पट्टी बसे आणि कापड लाकडी रिंगमध्ये ताणलं जाई. मखमल लोळू नये म्हणून खाली कागद असे, तो नंतर फाडून काढायचा. फूट नसला तरी त्याची दांडी खाली करावीच लागे, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली गुंत्याचं जाळं होतं. एरवी शिलाई सरळ नेणारं मशीन आता सुई फक्त वर-खाली करी. दिशा द्यायची ती दोन्ही हातांनी रिंग फिरवून. आधी कडेनं धावदोरा, मग त्यावर इकडून तिकडे दाट साटन. पायाचा वेग आणि हाताची गती जुळली की टाके गव्हाच्या लोंबीसारखे एकाला एक लागून बसत. जाड दोरा हवा असेल तर तो बॉबिनवर भरून, बॉबिन केसचा स्क्रू सैल करून कापड उलट्या बाजूनं भरायचं. सुलट बाजूला दोरीसारखी उठावदार रेघ येई.

घरातल्या बहुतेक गोष्टी तेव्हा दुसरं कोणी ठरवायचं. कुयरीत पोपटी भरायचा की मोरपंखी, वेल खांद्यापर्यंत न्यायची की खिशापाशी थांबवायची, हे मात्र आईच ठरवी. तिचं काम आमच्या अंगावरून शाळेत, लग्नात, मुंजीत फिरलं. तिची सही त्याच्यावर नव्हती, पण गल्लीतल्या बायका लांबून ओळखत. आम्हाला थंडी वाजू नये म्हणून साधं जाकीटही पुरलं असतं. तिनं ते देखणं केलं, आणि आमची ऐट तिथून आली.

आज कॉम्प्युटरवर चालणारं मशीन दिलेली नक्षी आपली आपण भरून देतं आणि छान देतं. पण रिंग फिरवण्याचं कसब हातातच असतं, ते हातातूनच शिकावं लागतं. कोपऱ्यातलं पायमशीन बहुधा अजून चालू होईल. त्याला तेल द्या, चामडी पट्टा बदला, आणि आई, मावशी, आत्या कोणी जवळ असेल तर तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसा. या दिवाळीत नातवंडाचं जाकीट घरीच भरा.