तारा गावचे डॉक्टर

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले, की कर्नाळ्याचा डोंगर मागे पडतो आणि तारा नावाचे लहानसे गाव लागते. देशभक्त युसूफ मेहेरअली यांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे कार्य येथे चालते. रुग्णांना औषधोपचार मिळतो. तेलघाणा, साबण व मातीकाम यांतून ग्रामस्थांच्या हातांना काम मिळते.

या संस्थेचे एक संस्थापक डॉ. जी. जी. पारिख यांचा जन्म ३० डिसेंबर १९२४ रोजी झाला. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी विद्यार्थिदशेतच तुरुंगवास पत्करला. पुढे आणीबाणीत, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा तोच प्रसंग आला.

मग वार्धक्य आले. चळवळीतील जुने सोबती एकामागून एक निघून गेले. अशा वेळी मन खचावे, हे साहजिकच होय. परंतु डॉक्टरांचा जीव या कार्यात गुंतला होता. उद्या काय करावयाचे, हा विचार ज्याच्यापाशी असतो, त्याला कालचे दुःख पेलता येते. नव्वदी उलटली, तरी त्यांनी संस्थेची काळजी वाहिली. शंभर वर्षे पूर्ण करून २ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

घरोघरी आजी-आजोबांना ‘आता स्वस्थ बसा’, असे प्रेमाने सांगितले जाते. वृद्धांना विश्रांती हवीच. पण आपली कोणाला तरी गरज आहे, हा विश्वासही हवा. नातवंडाने अडलेले गणित घेऊन जवळ बसावे, एवढ्यानेही तो त्यांना मिळतो.