उघड्या टपाचे ॲव्हरेज

भंडाऱ्यात कोणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की किमतीच्या आधी एक प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" शंभर सीसीच्या मोटरसायकलला तो विचारतात, धानाची पोती वाहणाऱ्या टेम्पोलाही विचारतात. कोट्यवधींची, टप उघडणारी गाडी समोर आली की मात्र तोच प्रश्न ओठांवर थांबतो. ज्याला ती परवडते त्याला पेट्रोलचे काय, असा समज. तो बाजूला सारून हिशेब मांडायला हवा, कारण तिच्या टाकीत जे जाते ते एकट्या मालकाचे नसते.

मर्सिडीज-एएमजी एसएल ५५ हे चांगले उदाहरण. जून २०२३ मध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत २ कोटी ३५ लाख रुपये होती. चार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, दोन टर्बो, ४७६ अश्वशक्ती आणि ७० लिटरची टाकी. मर्सिडीजच्या अनेक गाड्या पुण्याजवळ चाकणला जोडल्या जातात. ही जर्मनीहून तयार होऊनच येते. युरोपातल्या अधिकृत चाचणीत ती शंभर किलोमीटरला साधारण बारा-तेरा लिटर पेट्रोल घेते. लिटरला आठ किलोमीटर धरा.

हा आकडा एकट्या इंजिनाचा नाही. बंद गाडीचा टप नुसता ऊनपाऊस अडवत नाही, सांगाड्याला तो ताठ ठेवतो. टप काढला की गाडी पिळवटू नये म्हणून तळ आणि दारांखालचे उंबरे जाड करावे लागतात, वजन वाढते, आणि दर सिग्नलला ते वजन पुन्हा शून्यापासून ओढावे लागते. एसएलच्या आधीच्या पिढीत घडी होणारा धातूचा टप होता. नव्या पिढीत कापडी आला आणि तेवढ्याने २१ किलो वजन घटले. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगात तो पंधराएक सेकंदांत उघडतो.

उघडल्यावर खरा खर्च सुरू होतो. काचेवरून सरकत गेलेली हवा मागे गुळगुळीत उतरत नाही, सीटवर कोसळून भोवरे करते. वेग दीडपट केला की हवेचा रेटा सव्वादोन पट होतो. ताशी ८० वरून १२० वर जाताना तेवढेच अंतर कापायला हवेशी सव्वादोन पट झुंज द्यावी लागते, आणि उघड्या टपाने ती आणखी वाढते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तो नागपूरपुढे भंडारा-गोंदियाकडे नेण्याची योजना आहे, तेव्हा हे गणित इथल्या रस्त्यालाही लागू होईल.

गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजला मात्र या वाऱ्याची ओळखच नाही. १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनांची चाचणी करणारी संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, आणि तिच्याच नावाने देशभर मायलेजचे आकडे सांगितले जातात. चाचणीत गाडी फिरत्या रोलरांवर जागच्या जागी पळते. ज्या भारतीय चाचणी-चक्रावर हे आकडे वर्षानुवर्षे काढले गेले, त्याचा सर्वाधिक वेग ताशी ९० आणि एकूण वेळ वीस मिनिटांच्या आत. १२० चा वेग त्यात येतच नाही. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा कापडी टपाखाली एसी किती राबतो, तेही त्या आकड्यात दिसत नाही.

या जिल्ह्यात उघडी गाडी पाहायची तर कोका अभयारण्याच्या फाटकावर जावे. सफारीची जिप्सी तिथे टप काढूनच उभी असते. मारुतीने ती १९८५ साली आणली, आणि ॲव्हरेजसाठी तिला कोणी कधी नावाजले नाही. पण जंगलातल्या मातीच्या वाटेवर ती ताशी वीसेक किलोमीटरने चालते. त्या वेगात हवेचा रेटा नगण्य असतो. टप असो-नसो, पेट्रोलला जवळपास फरक पडत नाही. डोक्यावर आभाळ, अंगावर वारा, सागाच्या पानांचा वास, हे सगळे तिथे फुकटात मिळते. उघडेपणाला किंमत नाही. किंमत पडते ती उघडे राहून सुसाट जाण्याला.

आता टाकीकडे. देशात बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉल उसापासून होते, मक्यापासून होते आणि तांदळापासूनही. एक टन तांदळातून साधारण ४५० लिटर निघते.

भंडारा धानाचा जिल्हा, म्हणून हिशेब धानातच करू. एसएलच्या भरलेल्या टाकीत १४ लिटर इथेनॉल. ते सगळे तांदळाचे धरले तर ३१ किलो तांदूळ. भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ मिळतो असे मानले, तर त्यासाठी ४६ किलो धान लागेल, चाळीस किलोच्या कट्ट्याहून जास्तच. अंत्योदय शिधापत्रिकेवर एका कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. ही टाकी साडेपाचशे किलोमीटरांत संपते.

इथेनॉलला सरसकट वाईट म्हणणे चूक ठरेल. त्याचा ऑक्टेन अंक मोठा, कच्च्या तेलाची आयात त्याने कमी होते आणि शेतमालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. पण महागड्या गाडीच्या मालकाला त्यातून सुटायची वाट आहे. इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलेले शंभर ऑक्टेनचे पेट्रोल इथेनॉलविना असते, लिटरला सुमारे १६० रुपये, तेही शहरांतल्या निवडक पंपांवर. रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीवर मोटरसायकलने जाणाऱ्याला ती वाट नाही. त्याचे घटलेले तीन-चार टक्के त्याच्या खिशातूनच जातात.

म्हणून नव्या गाडीसोबत ॲव्हरेजचा एकच आकडा देऊन भागणार नाही. टप बंद ठेवून ८० च्या वेगाचा, टप उघडून १२० चा, आणि पंपावर खरोखर मिळणाऱ्या इंधनावरचा, असे तीन आकडे खिडकीवर चिकटवून मिळायला हवेत. मोटरसायकलला टप नसतो, तेव्हा तिला दोन पुरतील. चाचणीची यंत्रणा पुण्यात आहेच.