सायकलनं चिखलदऱ्याले

"बह्याड झाला का रे तू? पन्नाशी उलटली तुई," आई म्हणाली. पहाटेचे साडेचार वाजले होते आणि मी ओसरीत सायकलच्या चाकांत हवा भरत होतो. चिखलदऱ्याले जायाचं तर एसटी आहे, घरात फटफटी आहे, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. मी काही न बोलता दोन बाटल्या नळाच्या पाण्यानं भरून घेतल्या.

त्या नळाविषयी सांगायला हवं. आमचं दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जाडी शेकडो फूट, आणि त्यात मुरलेलं पाणी खारट. माझ्या लहानपणी आवारात विहीर होती, ती कधी आटली नाही, आणि तिच्या पाण्यात कधी डाळ शिजली नाही. साबणाला फेस येत नसे. प्यायचं पाणी बायका लांबून डोक्यावर आणायच्या. बाहेरगावच्या पाहुण्याला ती भरलेली विहीर दिसली की तो विचारायचा, मग तुम्हाला कमी काय आहे? वाळवंटात निदान पाणी डोळ्यांपुढं तरी नसतं. पुढं शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं. शहानूर नदी येते गाविलगडच्या डोंगरातून. म्हणजे इतकी वर्षं मी जे पाणी पितोय ते किती उंचावरून उतरतं, हे एकदा आपल्या पायांनी मोजावं, एवढंच डोक्यात होतं. हे आईला सांगितलं असतं तर तिनं बह्याडच्या पुढचा शब्द काढला असता.

होळी होऊन दोन दिवस झाले होते. अंधारातच गाव मागं पडलं. रस्त्याला अधूनमधून शकुंतलेचे रूळ भेटत होते. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी लहानपणी आमच्या बनोसा स्टेशनात थांबायची. आम्ही पोट्टे उतरून तिच्या बरोबरीनं पळायचो आणि पुन्हा चढायचो. आता रुळांत बाभळी उगवल्यात. त्यांच्यापैकीच एकीनं पुढं माझा हिशेब चुकता केला.

उजाडलं तेव्हा कापूसतळणी मागं पडली होती. काळी जमीन उघडी पडलेली, तूर-कपाशी निघून गेलेली, झाड शोधावं तर बांधावर एखादं. उत्तरेला सातपुडा दिसायला हवा होता, पण धुरकट पांढुरक्यापलीकडं काही नव्हतं. अंजनगाव जवळ आलं आणि अचानक हिरवं दिसलं. पानमळे, केळी, आणि पानपिंपळीचे वेल. सातपुड्याच्या पायथ्याशी सरकलो की जमिनीखालचं पाणी गोडं होतं. ही रेघ नकाशात नसली तरी सायकलवरून स्पष्ट कळते, कारण सावली सुरू होते.

पथ्रोटच्या अलीकडं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, चांगला दीड इंची. ट्यूब बदलेपर्यंत पाऊण तास गेला आणि ऊन अंगावर आलं. टपरीवरच्या म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे बघून विचारलं, "कुठी चालले भाऊ?"

"चिखलदऱ्याले."

"सायकलनं? काहून?"

याचं उत्तर आईलाही दिलं नव्हतं. मी चहा मागितला.

परतवाड्यात गिला वडा खाल्ला, बाटल्या भरल्या आणि संत्र्याच्या बागांमधून धामणगाव गढीच्या रस्त्याला लागलो. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरवर आहे, चिखलदरा अकराशेच्या थोडं वर. तीसेक किलोमीटरमध्ये सातशेवर मीटर चढायचं. आकड्यात हे फार नाही. पण आधी साठ किलोमीटर झालेले, आणि धामणगावपर्यंत रस्ता फारसं काही मागत नाही. सगळी वसुली तिथून पुढं.

घाट लागला तसा एकेक गिअर हलका करत शेवटच्यावर आलो. याच्या खाली आता काही नाही हे ठाऊक असूनही बोट प्रत्येक वळणावर लिव्हर दाबून बघायचं. सागवान पूर्ण बोडखं. जंगल म्हणताना डोळ्यांपुढं हिरवं येतं, पण मार्चअखेरचं मेळघाट म्हणजे राखाडी खोडं आणि खाली वाळक्या पानांचा थर. त्यावरून सरडा गेला तरी जनावर आल्यासारखा आवाज होतो. मधूनच एखादा पळस पेटलेला. मोहाखालची जमीन फुलं वेचायला साफ केलेली, त्या आंबूस गोड वासानं रिकाम्या पोटात कालवाकालव व्हायची. गाडीतून हा घाट मी वीसेकदा तरी चढलो असेन, हा वास कधी आला नव्हता.

एका वळणावर दोरी आडवी आली. दहा-बारा कोरकू बाया आणि पोरी, दोघी दोन टोकं धरून. "दादा, फगवा!" होळीनंतर मेळघाटात रस्ता अडवून फगवा मागतात, हे मला माहीत होतं. एसटी आणि जीपगाड्या थांबतातच. सायकलवाला थांबवून त्यांनाच हसू फुटलं. मी वीसची नोट दिली आणि दोरी खाली गेली, तरी मी हललो नाही. इतकं हक्कानं उभं राहायला मिळालं होतं. शेवटी त्यांतल्या एका म्हातारीनं पाठीमागून सायकलला हात लावला आणि पंधरा-वीस पावलं ढकलत आणलं. तेवढ्या वीस रुपयांत मला त्या दिवशी याहून जास्त काही मिळालं नाही.

ढकलण्यावरून आठवलं. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला तेव्हा वेलस्ली दक्षिणेला थांबला आणि स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून वळसा घालून उत्तरेला लवाद्याकडं गेली. जड तोफा सैनिकांनी हातांनी ओढल्या, त्याही आधी स्वतः रस्ता खणून. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी खाली अंजनगाव-सुर्जीत तह केला. आमच्याकडं शाळेत तहाची सनावळी घोकून घेत. तोफा ओढणाऱ्यांच्या पोटऱ्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला त्या घाटात, तोही शेवटचे दोन किलोमीटर सायकल हातानं ढकलताना पडला.

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते म्हणतात. माझ्या वाट्याला पाच आले असतील. पण मोथ्याजवळ पठारावर आलो आणि वाऱ्याची झुळूक घामेजल्या पाठीला लागली, तेव्हा ते पाच पंधरासारखे वाटले.

मोथा गवळ्यांचं गाव. इथला खवा अख्ख्या वऱ्हाडात जातो. दोन्ही बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. एका दारात म्हशी बांधलेल्या दिसल्या, तिथं सायकल टेकवून पाणी मागितलं. मनात म्हटलं, आता या पाण्याच्या माहेरी आलो. बाईंनी आत जाऊन लोटा आणला. अर्धा होता. मी तो एका घोटात संपवला आणि बाटली पुढं केली. त्या संकोचल्या.

"दूध देतो भाऊ, पाहिजे तेवढं. पाण्याचा टँकर उद्या येते."

दारासमोर रिकामे ड्रम रांगेत लावलेले होते, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. पावसाळ्यात इथं ढग घरात शिरतात. तो सगळा पाऊस काळ्या खडकावरून घसरून नद्यांना लागतो, खाली धरणात साठतो, आणि माझ्या नळाला येतो. मी दूध घेतलं. बाटली तशीच पिंजऱ्यात अडकवली.

चिखलदऱ्यात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कीचकाला मारून भीमानं हात धुतले म्हणतात ते भीमकुंड बघायला गेलो, तर कडा कोरडा ठाक. कठड्याशी बसून घरी फोन लावला.

"पोचला का?" आईनं विचारलं. मग तिचा नेहमीचा, खारपाणपट्ट्यातला प्रश्न. "प्यायले पानी भेटलं का?"

"अर्धा लोटा," मी म्हणालो.