पंख्याचं विमान

आमच्या लोणखेड्यात विमान आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. सातपुड्याच्या अंगाने घरघर आली की निंदणीला वाकलेल्या बाया कंबर सरळ करत आणि पोरं "इमान उनं!" ओरडत बांधावर चढत. आता जेट इतकी उंच जातात की नुसती पांढरी रेघ उमटते. रेघेसाठी कोण धावणार?

माझा पहिला विमानप्रवास सत्तरच्या दशकातला. औरंगाबाद ते मुंबई, इंडियन एअरलाइन्सची आव्रो. कचेरीने तिकीट काढलं म्हणून गेलो. स्वतःच्या खिशातून जाण्याची ऐपत आमच्या आळीत कोणाचीच नव्हती. आव्रो मूळ इंग्रजांची, पण इथली कानपूरला बांधलेली. इंजिनं रोल्स-रॉइसची 'डार्ट'. तीच इंजिनं फॉकर फ्रेंडशिपला आणि व्हायकाउंटलाही असत, त्यामुळे तिन्हींची तीक्ष्ण शिट्टी एकाच घराण्यातली. उड्डाणाआधी हवाईसुंदरी तबकातून गोळ्या आणि कापूस फिरवायची. गोळी जिभेवर, कापूस कानात. भर दुपारचं उन्हाळ्यातलं विमान असलं तर तापलेल्या हवेत असे आचके बसत की त्यापुढे शहादा-धडगाव घाटातली एस.टी. म्हणजे पाळणा. त्या प्रवासाला सुखाचा म्हणणारे बहुतेक त्यातून गेलेले नसतात. तरी खालची विहीर, नाल्याचं वळण, गावाबाहेरचं देऊळ ओळखू यायचं, आणि त्यासाठी आचके सोसावेत असं मला तेव्हाही वाटलं.

1981 मध्ये वायुदूत ही विमान कंपनी आली. लहान गावांना विमान द्यायचं, हा तिचा बेत. तिची 19 आसनी डॉर्निअरही कानपूरचीच. पण हिशेब जुळेना. 1993 मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं, आणि खानदेशातल्या माणसाने विमानासाठी मोठं शहर गाठायचं हे पुन्हा पक्कं झालं. आमच्याकडच्यांनी त्याची फारशी खंत केली नाही. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने मुंबई होती, आणि ती पुरेशी होती.

पंखे परतले ते सरकारच्या उडान योजनेत. डिसेंबर 2017 मध्ये मुंबई-जळगाव 19 आसनी बीचक्राफ्ट सुरू झालं. ते फार टिकलं नाही. सप्टेंबर 2019 पासून ट्रूजेटचं एटीआर, तेही पंख्याचंच, अहमदाबादहून जळगावला येऊ लागलं. नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून पाहा, रेघ जवळजवळ तोरणमाळावरून जाते. म्हणजे आमच्या शिवारातून डोंगराकडे पाहावं तिथे. ट्रूजेटही 2022 मध्ये थांबली. 2024 पासून गोव्याच्या फ्लाय91ची एटीआर जळगावला गोवा, हैदराबाद, पुण्याशी जोडू लागली.

एटीआरमध्ये शिट्टी उरलेली नाही, जाडसर घुमणं आहे. तिकीट मोबाइलवर, कापूस कोणी देत नाही. चढायचं मात्र अजून शेपटीकडच्या दारातून, डांबरावर चालत जाऊन. विमान उभं असताना उजवा पंखा ब्रेक लावून धरतात आणि तेच इंजिन चालू ठेवून आतली वीज-हवा भागवतात. वेगळं यंत्र नाही, काटकसरीचा हा नमुना आमच्या शेतकऱ्यांना आवडावा. माणसं कमी असली तर तोल सांभाळायला कोणाला पुढे, कोणाला मागे बसवतात, आणि त्यावर एखादे आप्पा हमखास कुरकुरतात.

आता घरातली पोरं विचारतात, सुरतहून जेटने जायचं की शिरपूर-चोपडा करत जळगाव गाठायचं? वेळेची घाई असेल तर सुरत. नाहीतर जळगाव, सकाळचं विमान मिळालं तर उत्तम, आणि खिडकी मागचीच मागावी. पुढे पंख्यापाशी शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, मागून मात्र पंख वर असल्याने तापी आणि केळीचे मळे निवांत बघता येतात.