बाळाच्या मापाची सहल



द्राक्षाचा शेवटचा खुडा झाला, उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या नाशिक जिल्ह्यात घराघरांतून एकच विषय निघतो. यंदा पोरांना कुठे न्यायचे? पूर्वी उत्तर ठरलेले असे : वणीचा गड, त्र्यंबकेश्वर, नाही तर मामाचे गाव. आता मुले वॉटर पार्क आणि थीम पार्कची नावे घेतात. त्यात वावगे काही नाही. वर्षभर राबणाऱ्या घराने एक दिवस मौज केली तर काय बिघडले?

पण काही घरांत हा विषय निघाला की आई मुकाट्याने उठून आत जाते. त्या घरात एक मूल वेगळे असते. हाक मारली तर ते वळून पाहत नाही. बोलते थोडे किंवा बोलतच नाही. एकच डबा तासभर फिरवत बसते, मिक्सर लावला की कान झाकून घेते. अशा मुलाला स्वमग्न म्हणतात. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. त्याला बरोबर न्यावे तर लोक टकमक पाहतात, घरी ठेवावे तर आईचा जीव तुटतो. आजचा हा मजकूर त्या आईसाठी आहे, आणि तिच्या भावकीसाठीही.

मी कृषी विस्तार अधिकारी, डॉक्टर नव्हे. पण माझ्या भाचीचा मुलगा असा आहे. निफाड तालुक्यात त्यांची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मुलाला इथे मी बाळ म्हणतो. तो आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्यापायी आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

आमची फजिती

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही अकरा जण एका वॉटर पार्कला गेलो. बाळाला पाणी फार आवडते. ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब तो अर्धा अर्धा तास पाहत बसतो. तेव्हा म्हटले, पोरगा खूश होईल.

फाटकाशीच लांब रांग. डोक्यावर ऊन, कर्ण्यातून गाणी आणि मधूनच कर्कश सूचना. पाऊण तास उभे राहिलो. बाळाने आधी कान झाकले, मग आईचा पदर तोंडावर ओढला. आत गेल्यावर कोणी तरी त्याच्या अंगावर पाणी उडवले. तो तिथेच फरशीवर बसला आणि डोके आपटू लागला. भोवती माणसे जमली. एक बाई म्हणाली, "दोन फटके द्या, गप होईल." आणि मी, चार गावांना शहाणपण शिकवणारा माणूस, त्याचा दंड धरून ओढू लागलो. ते आठवले की आजही मान खाली जाते.

तिकिटाचे पैसे गेले, बाकीची पोरे रडत परतली. त्याचे काही वाटले नाही. पण गाडीत भाची जे बोलली ते मनाला लागले. म्हणाली, "मामा, आता ह्याला घेऊन मी कुठंच येणार नाही. तुम्ही जात जा, आम्ही दोघं राहू घरी." आणि तिने शब्द खरा केला. लग्नकार्य बंद, जत्रा बंद, भाऊबीजेला माहेरी येणेसुद्धा बंद.

चूक कोणाची?

नाशिकला ज्या शिक्षिकेकडे बाळाला शिकवायला नेतात, त्यांनी आम्हाला नीट समजावले. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी केले. पुढे काही वर्षे तिकडच्या विद्वानांनीही आईच्या मायेत उणीव असते म्हणून मूल असे होते, असे सांगितले. ते साफ खोटे ठरले. मेंदूची घडणच जन्माआधीपासून निराळी असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या वागण्याने हे होत नाही, लशीने होत नाही, कोणाच्या नजरेने तर नाहीच. तेव्हा भगताकडे आणि उताऱ्यावर पैसा घालवू नका. गोळी देऊन हे जात नाही. पण लवकर ओळखले आणि शिकवले तर मूल पुष्कळ पुढे येते.

बाई म्हणाल्या, आपल्याला जो आवाज सहज वाटतो, तो बाळाला कानाशी फटाका फुटल्यासारखा लागत असेल. पुढे काय होणार हे त्याला कळत नाही, म्हणून तो घाबरतो. डोके आपटणे हा हट्ट नव्हे. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते का, हे बघत असते. या मुलाचा तोलच सुटलेला असतो. त्याला त्या वेळी उपदेशही नको आणि मारही नको. सावली, शांतता आणि थोडा वेळ द्या.

मला तेव्हा उमजले. जमीन न पाहता आपण बी टाकले होते. माती न तपासता खत टाकू नका, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पोराच्या बाबतीत मात्र तेच विसरलो.

पौषातला मंगळवार

दुसऱ्या खेपेला आम्ही तयारी केली. ठिकाण निवडले पांडवलेणी आणि तिच्या पायथ्याचे दादासाहेब फाळके स्मारक. दिवस निवडला पौषातला मंगळवार : थंडी, सुट्टी नाही, आणि आमच्याकडे खुड्याची गडबड सुरू व्हायची होती.

आठ दिवस आधी मी एकटा जाऊन आलो. गाडी कुठे लागते, पायऱ्या कुठून सुरू होतात, संडास कुठे, सावलीत बसायला जागा कुठे, आणि घाईने निघायचे झाले तर वाट कोणती, हे पाहून ठेवले. फोनवर फोटो काढले. भाचीने ते छापून पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले. पहिले चित्र आमची पिकअप, मग पायऱ्या, मग लेणे, मग भाताचा डबा, आणि शेवटी घर. रोज रात्री ती पट्टी बाळाला दाखवायची. ज्यांच्या नावाचे ते स्मारक, ते फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो मूकपट होता. सगळी गोष्ट लोकांना चित्रांतून कळली. मग ज्याला शब्द सापडत नाहीत, त्या पोराला चित्रातून का कळू नये?

सकाळी सातलाच निघालो. गाडी घरचीच पिकअप, कारण तिचा आवाज आणि त्यातली जागा त्याच्या ओळखीची. पिंपळगाव, ओझर, आडगाव करत नाशिक ओलांडले आणि पाथर्डी फाट्यापुढे डोंगर दिसू लागला. बाळाने पट्टीवरच्या चित्रावर बोट ठेवले. भाचीने माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही.

या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. चोवीस लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. नाव पांडवांचे, पण पांडवांचा संबंध नाही. तुम्ही गेलात तर तिसऱ्या क्रमांकाचे लेणे जरूर पाहा. तिथल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णी राजाने भिक्षूंना शेतजमीन दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात विणकरांच्या संघाकडे ठेवलेल्या रकमेचे व्याजाचे दरसुद्धा कोरलेले आहेत. आपल्या सोसायटीची पावती दोन हजार वर्षे टिकेल का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बाळाला त्या लेखांशी कर्तव्य नव्हते. तो एकेक पायरी चढताना कडेच्या दगडाला हात लावत होता. घाई कोणी केली नाही. वर दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. तिथे तो थबकला. त्याच्या बापाने त्याचे मनगट घट्ट धरले आणि दोघे बराच वेळ पाणी पाहत बसले. बाकीच्यांनी तोवर लेणी पाहून घेतली. हे घरी ठरलेलेच होते : दोन माणसे फक्त बाळासाठी, त्यांनी दुसरे काही पाहायचे नाही; आणि बाळ निघाला की ती दोघे निघतील, बाकीचे थांबले तरी चालेल.

खाली येऊन सावलीत त्याने घरचा पांढरा भात खाल्ला. बाहेरचे तो खात नाही. म्हणून त्याच्या अन्नावर त्या दिवशी प्रयोग करायचे नाहीत. एवढ्यात शाळेची सहल आली. शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला. बाळाचे हात कानांवर गेले. भाचीने पिशवीतून कारखान्यातले कामगार घालतात ती जाड कानझाकणी काढून त्याला घातली आणि शेवटचे, घराचे चित्र दाखवले. पाच मिनिटांत आम्ही वाटेला लागलो. साडेअकरा वाजले होते. स्मारकाची बाग राहिली. राहू द्या! अर्धा दिवस हसून परतणे हे पूर्ण दिवस रडून परतण्यापेक्षा चांगले.

मोठ्या पार्कला जायचे झाले तर

थीम पार्कला जाऊच नये, असे मी म्हणत नाही. आधी जवळची, लहान, शांत जागा जमू द्या. मग आधी फोन करून चार गोष्टी विचारा. गर्दी कोणत्या दिवशी कमी असते? मुलासाठी घरचा डबा आत नेऊ देतील का? दिव्यांग मुलाला रांगेत उभे न करता आत घेतील का? एकदा बाहेर आल्यावर पुन्हा आत जाता येते का? उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. मुलाचे प्रमाणपत्र जवळ असू द्या. उंच पाळणे, अंधारी गुहा यांचा आग्रह नको; त्याला कारंज्यापाशीच बसायचे असेल तर तीच त्याची सहल.

हरवण्याची भीती मोठी असते. त्याच्या कपड्यावर आतून नाव आणि फोन नंबर शिवून टाका. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. या मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोका कळत नाही. म्हणून पार्कातल्या तळ्यापेक्षा घरच्या शेततळ्याकडे आधी पाहा. प्लॅस्टिकच्या कागदावर मोठा माणूससुद्धा घसरतो. चारही बाजूंनी जाळीचे कुंपण, फाटकाला कुलूप आणि पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, एवढे उद्याच करा. विहिरीवरही झाकण घाला.

मदत कुठे मिळते?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. मुलाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी ओळखपत्र काढून घ्या. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना सवलत असते, ती आगारात विचारा. ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा लाभ मिळतो, आणि ती योजना स्वमग्न मुलांनाही आहे. लहान मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून वाट पाहू नका.

अमेरिकेत टेक्सास राज्यात गॉर्डन हार्टमन नावाचे गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी दिव्यांग. एकदा सुट्टीत ती पोहण्याच्या तलावात दुसऱ्या मुलांशी खेळायला गेली, तर ती मुले तलाव सोडून निघून गेली. त्या बापाने २०१० साली अशा मुलांना सर्वांबरोबर खेळता येईल असे पार्कच उभे केले. दिव्यांगांना तिथे तिकीट नाही. तुम्ही-आम्ही पार्क बांधू शकत नाही. पण तलाव सोडून न जाणे तर आपल्या हातात आहे? शेजारच्या घरात असे मूल असेल तर पाहत उभे राहू नका. "आम्ही काय करू?" एवढे विचारा, आणि सांगितले तर बाजूला व्हा.

आमच्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाने ती चित्रांची पट्टी आणून माझ्या हातात दिली आणि पिकअपच्या चित्रावर बोट ठेवले. नऊ वर्षांत त्याने मला मागितलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतरच्या भाऊबीजेला भाची माहेरी आली. मागची खोली आम्ही आधीच रिकामी करून ठेवली होती, आणि फटाके गल्लीच्या टोकाला उडवायचे असे पोरांनी आपणहून ठरवले होते. बाळ दोन दिवस राहिला.