प्रेक्षकांचं पक्षांतर

१९६७ च्या डिसेंबरात ‘द ग्रॅज्युएट’ अमेरिकेत झळकला तेव्हा समीक्षक रॉजर ईबर्ट पंचवीस वर्षांचा होता. ‘शिकागो सन-टाइम्स’मधलं त्याचं समीक्षकपद त्याच वर्षीचं. त्याने चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले आणि वर्षातली सर्वांत मजेदार अमेरिकन विनोदिका म्हणून पाठ थोपटली. तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, चित्रपट पुन्हा थिएटरांत आला आणि ईबर्टने तो पुन्हा पाहिला. या वेळी तारे तीन झाले. ताऱ्यांचं सोडा, पण ज्या नायकासाठी त्याने तरुणपणी टाळ्या वाजवल्या होत्या तो आता त्याला स्वतःतच गुरफटलेला, रटाळ पोरगा वाटला. आणि मिसेस रॉबिन्सन, जिच्या तावडीतून नायक सुटावा असं तेव्हा वाटलं होतं, ती या सगळ्या गोतावळ्यात गप्पा माराव्यात अशी एकमेव व्यक्ती वाटली. चित्रपटातली एक चौकटही बदललेली नव्हती. प्रेक्षकाने सरळ पक्षांतर केलं होतं. आपल्याकडे पक्षांतराला कारण लागत नाही. ईबर्टने निदान ते लिहून दिलं.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. बेंजामिन ब्रॅडॉक कॉलेजात बक्षिसं मिळवून लॉस एंजेलिसला घरी परततो. आईबाप पार्टी देतात. जो तो विचारतो, आता पुढे काय? एक गृहस्थ त्याला बाजूला घेऊन भविष्याचा मंत्र एकाच शब्दात सांगतात: प्लॅस्टिक. (आमच्या कॉलेजच्या दिवसांत तो शब्द ‘कॉम्प्युटर’ होता. असा काका प्रत्येक पिढीच्या पार्टीत असतोच.) वडिलांच्या भागीदाराची बायको, मिसेस रॉबिन्सन, त्याला जाळ्यात ओढते. उन्हाळाभर हॉटेलच्या खोलीत दोघं भेटतात. मग तिची मुलगी एलेन सुट्टीला घरी येते, घरच्यांच्या आग्रहाखातर बेंजामिन तिला फिरायला नेतो आणि तिच्या प्रेमात पडतो. पुढे जे व्हायचं ते होतं. चार्ल्स वेब यांची मूळ कादंबरी १९६३ ची. दिग्दर्शक माइक निकोल्स यांचा हा दुसराच चित्रपट. ऑस्करची सात नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकच, दिग्दर्शनाचा.

मी तो पहिल्यांदा पाहिला ऐंशीच्या दशकात, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरची कात्री लागत नसे, त्यामुळे ‘बाई आणि पोरगा’ एवढ्या बातमीवर त्या संध्याकाळी सभासदांची हजेरी दांडगी होती. त्या मंडळींची निराशा झाली. आम्हा विशीतल्यांची मात्र चंगळ. आम्ही सगळे बेंजामिनच्या बाजूचे. विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर निर्विकार चेहऱ्याने उभा असलेला तो मुलगा म्हणजे आम्हीच होतो. वाढदिवसाला वडील त्याला पाणबुड्याचा पोशाख भेट देतात आणि पाहुण्यांसमोर पोहण्याच्या तलावात उतरवतात. मुखवट्याच्या काचेतून त्याला माणसांची तोंडं हलताना दिसतात, ऐकू येतो तो फक्त स्वतःचा श्वास. पहिलं वर्ष संपायच्या आतच ‘पुढे काय’ विचारून भंडावणाऱ्या नातेवाइकांच्या गावातून आलेल्या मुलीला यापुढे काय समजावून सांगायला हवं होतं? बेंजामिनने चर्चच्या काचेवर मुठी आपटल्या तेव्हा मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. मिसेस रॉबिन्सनला आम्ही ‘ती बाई’ म्हणत होतो.

‘ती बाई’ साकारणारी अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट चित्रपट आला तेव्हा छत्तीस वर्षांची होती. विशीतला बेंजामिन करणारा डस्टिन हॉफमन तीस वर्षांचा. दोघांच्या वयात सहा वर्षांचं अंतर. आईच्या वयाची म्हणून आम्ही जिला नाकं मुरडली ती त्याची थोरली बहीण शोभली असती. केसांतले राखाडी पट्टे, बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, ओठांतून सावकाश सुटणारा धूर, एवढ्यावर निकोल्स यांनी आम्हाला फसवलं होतं. प्रेक्षकाचं मत कॅमेऱ्याने आधीच फिरवलेलं असतं, आणि विशीत ते फिरवून घेण्याची आपली तयारीही असते.

पुढे चाळिशी ओलांडल्यावर आम्ही मैत्रिणींनी तो आमच्या दिवाणखान्यात पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात नेहमीचं हसू होतं. हॉटेलच्या स्वागतकक्षात बेंजामिनची उडालेली गाळण, सामान विचारल्यावर फक्त टूथब्रश आहे ही कबुली, सगळं तसंच ताजं. मग तो प्रसंग आला. भेटीगाठी सुरू होऊन बरेच दिवस झालेत आणि बेंजामिन हट्ट धरतो की एकदा तरी आपण आधी बोलूया. तिला बोलायचं नसतं. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. विषय सुचत नाही म्हणून कलेवर बोलूया असं निघतं, तर तिला त्यातलं काही कळत नाही म्हणते. मग तिच्या लग्नाची हकिकत बाहेर पडते: एलेन पोटात होती म्हणून लग्न करावं लागलं. कॉलेज सुटलं. तो विचारतो, तुझा मुख्य विषय कोणता होता? ती सांगते, कला. तो गोंधळून म्हणतो की मधल्या वर्षांत आवड गेली असेल. ती तोंड फिरवून कसाबसा दुजोरा देते.

विशीत हा प्रसंग मला लांबलेला वाटला होता. त्या दुपारी खोलीत कुणी हललं नाही. मग आमच्यातली एक, जिची सतार लग्नानंतर माळ्यावर गेली ती तिथेच राहिली, उठून चहा ठेवायला गेली. चहा नुकताच झाला होता.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ईबर्टचा पक्ष धरला. बेंजामिन म्हणजे आईबापांच्या पैशावर तलावात तरंगणारा, कशाचीच किंमत न मोजलेला दिवटा. आणि ती? बुद्धी आहे, जीभ आहे, विनोद आहे, आणि हे सगळं वापरायला फक्त एक हॉटेलची खोली. पण आपणच आता त्या वयाच्या झालो म्हणून तिचं सगळं माफ करायचं, हेही प्रामाणिकपणाचं नाही. तिच्या वाट्याला जे आलं तेच ती मुलीच्या वाट्याला आणते: पोरीचं लग्न घाईघाईने उरकायला निघते, आणि बेंजामिनने आपल्यावर जबरदस्ती केली असं तिच्या कानात भरते. हा चित्रपट खोडकर आहे तो इथे. ज्याची बाजू घ्यावी त्याच्या खिशात काहीतरी निघतं.

हे जास्त कळलं ते भाचीमुळे. ती नोकरीला लागलेली, चोविशीतली. माझ्या आग्रहाने बघायला बसली आणि पहिला तास मनापासून हसली. तो पहिला तास आजही अजोड आहे. तलावात तरंगणाऱ्या गादीवर उडी घेणारा बेंजामिन पुढच्याच क्षणी हॉटेलच्या पलंगावर उतरतो, ते संकलन बघून तिने थांबवून परत लावलं. पण बेंजामिन एलेनच्या मागे बर्कलीला गेला आणि तिचं हसू आटलं. तो निघण्याआधीचा हा विनोद सगळ्यांना आठवतो: मी एलेनशी लग्न करणार, असं बेंजामिन घरी जाहीर करतो, आई आनंदाने किंचाळते, आणि मग उलगडतं की एलेनला याची कल्पनाच नाही, शिवाय तिला तो आवडतही नाही. तो आठवून मी हसले. भाचीने पॉज केलं.

“मावशी, तू हसतेस कशाला? ती नाही म्हणालीये त्याला.”

“अगं, तेच तर विनोदी आहे.”

“त्याने तिच्या कॉलेजजवळ खोली घेतलीये. बसमध्ये मागे, वर्गाबाहेर उभा. आमच्या ऑफिसात असं कुणी केलं तर कमिटीपुढे उभं करतात.”

तिच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. बेंजामिनच्या घरमालकालाही त्याचा संशय येतोच. फक्त त्याला तो चळवळ्या वाटतो, प्रेमवीर नव्हे. बर्कलीतली १९६७ ची तरुण पोरं युद्धाविरुद्ध रस्त्यावर होती आणि आमच्या नायकाला त्याचा गंधही नाही. एवढंच कशाला, तो लाल गाडी पळवत बर्कलीला निघतो तो वाटेतल्या दुमजली पुलाच्या वरच्या मजल्यावरून, आणि वरच्या मजल्यावरची वाहतूक असते सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी, बर्कलीच्या उलटी. तिकडचे लोक ही चूक अजून चवीने सांगतात. भाचीला मी ती सांगितली तेव्हा ती म्हणाली, बरोबर दाखवलंय की.

आपल्याकडे मांडवातून वधू नेण्याची गोष्ट जुनी. लग्न जमत नसलेल्या मुलींना रुक्मिणीस्वयंवराचं पारायण अजूनही सांगतात. पण रुक्मिणीने कृष्णाला आधी पत्र धाडलं होतं: ये आणि मला घेऊन जा. हरण म्हटलं तरी बोलावणं तिचं होतं. एलेनही बेंजामिनला पत्र लिहिते. त्यात ती प्रेम कबूल करते, आणि आपलं जमणार नाही हेही सांगते. त्या पत्राचा पहिला भाग तेवढा वाचून तो निघतो. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी शिट्ट्या मारणाऱ्या आम्हीही पहिलाच भाग वाचला होता. आणि मिसेस रॉबिन्सनसाठी हळहळणाऱ्यांनी? त्यांनी ते पत्रच उघडलं नाही.

मला विचाराल तर सगळ्या वादाची गोम इथे आहे. एका पक्षाला एलेन म्हणजे बेंजामिनला मिळणारं बक्षीस, दुसऱ्याला ती मिसेस रॉबिन्सनच्या वाया गेलेल्या आयुष्याचा पुरावा, आणि भाचीच्या पिढीला ती पीडित. मतदारसंघाला विचारतो कोण? यात चित्रपटाचाही दोष आहे. कॅथरिन रॉसला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं खरं, पण पटकथेने तिला बोलायला फार कमी दिलंय. एलेन बेंजामिनवर पुन्हा भाळते कशी, हे पडद्यावर नीट दिसत नाही. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही तो यामुळे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर चित्रपटांच्या यादीत १९९८ साली तो सातवा होता, २००७ साली सतरावा. ती घसरण मला अन्यायाची वाटत नाही.

तरी चर्चमधला तो प्रसंग मी हल्ली वेगळ्या कारणासाठी बघते. कादंबरीत बेंजामिन लग्न लागण्याआधी पोहोचतो. चित्रपटात उशीर झालाय, लग्न लागलेलं आहे. तो काचेमागून तिच्या नावाने ओरडतो. एरवी कॅमेरा बेंजामिनच्या डोळ्यांनी बघत असतो. इथे तो एलेनच्या डोळ्यांनी बघतो. तिला आई, बाप आणि नवरा यांचे चेहरे दिसतात. आवाज नाही, नुसती विचकलेली, शिव्या ओकणारी तोंडं. मग ती बेनला हाक मारते. आई म्हणते, उशीर झाला. एलेनचं उत्तर: माझ्यासाठी नाही. आणि फाडकन मुस्काटात बसते. तिचा निर्णय काचेमागच्या मुलाने घेतलेला नाही, त्या तोंडांकडे बघून तिने घेतलाय. तो शहाणपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. तो तिचा आहे.

नंतरची बस सर्वांना ठाऊक आहे. धापा टाकत दोघं मागच्या बाकावर बसतात, हसतात, म्हातारे प्रवासी माना वळवून बघतात, आणि निकोल्स कॅमेरा थांबवत नाहीत. हसू ओसरतं. सायमन आणि गारफंकल यांचं सुरुवातीचं गाणं पुन्हा सुरू होतं. हे दोघं पुढे आपापल्या आईबापांसारखेच होणार, असं निकोल्स स्वतः म्हणत. शिट्ट्या मारताना आम्ही हा शेवट पाहिलाच नव्हता; दिवे लागण्याआधीच चपला शोधायला लागलो होतो. एवढ्या वर्षांचं सगळं पक्षांतर दिग्दर्शकाने त्या एका लांबलेल्या दृश्यात आधीच करून ठेवलं होतं.

त्या बाकावर एलेन एकदा बेंजामिनकडे बघते. तो समोर बघत राहतो. पुन्हा हा चित्रपट लावाल तेव्हा नजर तिच्यावर ठेवा. आणि घरात पंचविशीच्या आतलं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवा. भांडण होईल, होऊ द्या.